नाव इथं, पोर तिथं

आमच्या गावात अंगणवाड्या तीन आणि अंगणवाडीच्या वयाची मुलं अडतीस. हा आकडा सरकारी नाही, माझा आहे. २०२५च्या जूनमध्ये काजूच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी घरवार मुलं मोजली होती. गणपतीत आणि शिमग्यात संख्या दुप्पट होते, पण मुंबईहून येणारी ती मुलं आठ दिवसांची पाहुणी.

गाव संगमेश्वर तालुक्यातलं. गाव म्हणायचं, पण आहेत त्या वाड्या. डोंगराच्या कुशीत एक, सड्याच्या म्हणजे वरच्या कातळमाळाच्या खाली एक, पऱ्यापलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे एक, आणि मधे शाळा, ग्रामपंचायत, देऊळ. नालासोपाऱ्यात सात वर्षं काढून आम्ही परत आलो, तेव्हा लेक दीड वर्षाची होती. नवऱ्याने घरच्या पडवीत काजू फोडायचं छोटं यंत्र टाकलं आणि हिशेब माझ्याकडे आले. लेकीला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, तर इथेही तसंच लिहिते.

बाय एप्रिल २०२२ची. पहिलीला प्रवेश घेताना त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तिची पहिली जून २०२८ला. मधे पुरती तीन वर्षं. तीन वर्षं रोज पोर जिथे चार तास बसणार, ती जागा आधी बघायला नको? मला ही साधी गोष्ट वाटली. गावात मात्र ती साधी ठरली नाही. मी तिन्ही अंगणवाड्या बघणार म्हटल्यावर नवरा म्हणाला, “तू अंगणवाडी बघतेयस की पोरीला स्थळं?”

इंग्लिश मीडियमचा विषय आधी संपवते, कारण आमच्याकडेही तो एका संध्याकाळीच संपला. बाजारपेठेच्या गावात खाजगी नर्सरी आहे. तिची व्हॅन सकाळी पावणेआठला तिठ्यावर येते आणि गावातली चार मुलं त्यात जातात. आम्ही बायला एकदा सहज त्या रस्त्याने रिक्षातून नेलं, तर तिसऱ्या वळणावर ती ओकली. सासूबाई म्हणाल्या, “झाली शाळा.” विषय संपला.

उरल्या तीन सरकारी. खेड्यात साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० वस्तीला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. आमच्या गावाची कागदावरची वस्ती तेराशेच्या घरात. निम्म्या घरांना कुलपं आहेत, पण ती माणसं रेशनकार्डावर इथेच राहतात. म्हणून शाळेजवळ एक मोठी आणि लांबच्या दोन वाड्यांना दोन मिनी, असं फार वर्षांपूर्वी ठरलं. मिनीत मदतनीस नसते. मुलांना बसवायची, शिकवायची, खिचडी शिजवायची आणि भांडी घासायची तीच सेविका. अलीकडे मिनींना पूर्ण अंगणवाडीचा दर्जा मिळाला, तेव्हा कुठे त्या दोघींच्या हाताखाली माणूस आलं.

बघायची कशी, यावर मी थोडा विचार केला होता. सांगून गेलं की सतरंजी झटकलेली असते आणि मुलांचे केस विंचरलेले असतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीनदा जायचं ठरवलं: एकदा सकाळी उघडताना, एकदा अकराच्या सुमारास आणि एकदा जेवणाच्या वेळी. निमित्तं काढली. कधी डोसाची तारीख विचारायला, कधी वजन करायला, कधी नुसतं बायला बाकीची मुलं दाखवायला. निमित्तं कुणालाच खरी वाटली नसणार, पण कोकणात माणसं तोंडावर तसं म्हणत नाहीत. ती घरी जाऊन बोलतात.

पहिली आमच्या वाडीतली. घरापासून पाखाडी उतरलं की सात मिनिटं. जांभ्याची इमारत, वर पत्रे. पाऊस सुरू झाला की त्या पत्र्यांखाली बोललेलं काही ऐकू येत नाही. बाई ‘ये रे ये रे पावसा’ घेतात आणि मुलं नुसती त्यांच्या हातांकडे बघून हात हलवतात. बाई साठी ओलांडलेल्या. माझ्या नवऱ्याला त्यांनीच बसायला शिकवलं, माझ्या धाकट्या दिराला पोलिओचा डोस पाजताना त्यांच्याच बोटाला तो चावला होता, आणि ही गोष्ट दर भेटीत सांगतात. वाडीतल्या प्रत्येक बाळंतपणाची तारीख त्यांना तोंडपाठ. आमच्या बायचा गर्भारपणीचा आहार मी नालासोपाऱ्याला असल्यामुळे यांच्याकडून घेतला नव्हता, याची त्यांना अजून थोडी खंत आहे.

मुलं सहा. त्यातली चार एकाच भावकीतली. मी अकराला गेले तेव्हा सहाही जण भिंतीला पाठ लावून रांगेत बसली होती आणि पाटीवर ‘अ’ गिरवत होती. खेळण्यांचं सरकारी किट कपाटात होतं. कपाटाला कुलूप.

“तुटतात गो,” बाई म्हणाल्या. “मग वरून बाई आली की विचारते, कुठं गेलं सामान.”

वरून बाई म्हणजे पर्यवेक्षिका. बाईंचं चुकतं असं मला एकदम म्हणता येईना. सोंगट्यांच्या एका डब्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाने तो डबा का उघडावा? आणि पाटीचं त्यांनी दिलेलं कारण तर माझ्याच जातीच्या लोकांवर उलटत होतं, म्हणजे पालकांवर. “घरी गेल्यावर पोराच्या पाटीवर काय दिसलं नाय तर आई विचारते, आज काय शिकवलं? खेळलो म्हटलं की तोंड वाकडं.” त्यांच्या टेबलावर ‘आकार’चं पुस्तक होतं. राज्याने अंगणवाडीसाठी केलेला हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करायच्या कामांवर उभा आहे. ते पुस्तक नवंकोरं होतं.

खिचडी मात्र तिथली चांगली होती. वर तुपाचा थेंब, आणि तो सरकारी नव्हता, बाईंच्या घरचा होता.

दुसरी शाळेजवळची. हिच्याबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, कारण ती सगळ्यांना माहीत असते. प्रत्येक तालुक्यात दाखवायला ठेवलेली एक अंगणवाडी असते, तशी ही. भिंतीवर फुलपाखरं, इंग्रजी अक्षरं, दाराच्या वर रंगवलेला जिराफ. मुलांच्या मापाचा संडास, आणि तो चालू. नळाला पाणी. मागे परसबाग, त्यात अळू, शेवगा, दोन पपया. अठरा मुलं, एक सेविका, एक मदतनीस, एक टीव्ही. सेविका कामाची, आवाज खणखणीत. चार वर्षांच्या मुलांच्या वह्यांमध्ये १ ते ५० आकडे सुबक लिहिलेले. तिने त्या वह्या माझ्यासमोर एकावर एक अशा मांडल्या, लग्नात रुखवत मांडतात तशा. बाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मास्तर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “इथं टाका, म्हणजे पुढं आमच्याकडेच.” पहिलीचा पट हा त्यांच्याही गळ्याचा प्रश्न आहे.

अकरा ते बारा टीव्ही. हिंदी गाणी, नाचणारा हत्ती. अठरा मुलं तोंड उघडी टाकून शांत. मी त्या तासात एकाही मुलाचं एक वाक्य ऐकलं नाही. सेविका त्या वेळात मोबाईलवर हजेरी भरत होती, पोषण ट्रॅकरवर. २०२१पासून हे ॲप आलं. पूर्वी अकरा रजिस्टरं होती आणि ती जाऊन हे येणार, असं त्यांना सांगितलं होतं. “हे आलं, ती गेली नाहीत,” ती म्हणाली. टीव्ही का लावते हे तिला विचारायची मग गरज राहिली नाही.

तिसरी पऱ्यापलीकडची. ती बौद्धवाडीत आहे.

हे वाक्य मी एवढं सुटं लिहिलंय, कारण आमच्या घरात ते सुटंच राहिलं. आम्ही कुणबी. सासूबाईंना मी तिकडची अंगणवाडी बघून येते म्हटलं, तर त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. “लांब पडल,” एवढंच म्हणाल्या. नवऱ्याची चुलती तेच म्हणाली, “लांब पडेल गो.” शेजारणीनेही तेच. लांब तर आहेच. साकवावरून गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. शाळेजवळची पण तेवढीच लांब, हे मात्र कुणी मोजलेलं नव्हतं.

तिथे स्वतःची इमारत नाही. समाजमंदिराच्या सभागृहात भरते. समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बाजूला सावित्रीबाईंचा. रंगवलेली भिंत नाही. संडास नाही, बाजूच्या घरी जावं लागतं, आणि ही मोठी उणीव आहे, तिला मी काही गोड शब्द लावणार नाही. मोबाईलला रेंज फक्त अंगणातल्या फणसाखाली. मुलं नऊ. सेविका माझ्याच वयाची, बी. ए. झालेली, लांज्याकडची सून.

मी अकराला पोचले तेव्हा आत भांडण चाललं होतं. दोन पोरं समोरासमोर, दोघांपुढे काजूच्या बियांचे ढीग. “माझ्या जास्त.” “नाय, माझ्या.” बाकीची सात पंच होऊन बसलेली. सेविका जमिनीवरच बसली होती, मुलांच्या उंचीवर. मला बघून तिने मान हलवली, उठली नाही. हे मला पहिल्यांदा खटकलं आणि मग फार आवडलं.

“कुणाच्या जास्त ते कसं कळेल?” तिने विचारलं.

एक म्हणाला, मोज. पण मोजता दोघांनाही दहाच्या पुढे येत नव्हतं, आणि बिया त्याहून जास्त होत्या. दुसरा म्हणाला, माझा ढीग उंच आहे. एक मुलगी म्हणाली, याने फुगवून ठेवलाय. बराच वेळ गेला. सेविका गप्प. मला तोंडातून उत्तर बाहेर पडू नये म्हणून ओठ दाबावे लागत होते. शेवटी त्या मुलीनेच दोघांच्या ढिगांतून एकेक बी उचलली आणि जोडी लावली. मग दुसरी जोडी. तिसरी. मुलं पुढे सरकली. सगळ्या जोड्या संपल्या, तेव्हा एकाकडे तीन बिया उरल्या. तो ओरडला नाही, त्या तीन बियांकडे बघत राहिला.

आकडा न लिहिता त्या पोरांना ‘जास्त’ म्हणजे काय हे कळलेलं होतं. वह्यांच्या त्या रुखवतात ५०पर्यंत आकडे होते, पण त्यांतल्या किती मुलांना अशी जोडी लावता आली असती, हे मला सांगता येणार नाही.

नंतर मी बायला तिथे तासभर सोडलं आणि बाजूला बसून राहिले. करवंट्या होत्या, चिंचोके, आंब्याच्या वाळलेल्या बाठी, शिंपले, जुन्या साडीच्या पट्ट्या. सरकारी किटही बाहेर होतं, त्यातले दोन ठोकळे तुटलेले. “तुटलेले लिहून ठेवलेत,” ती म्हणाली. “विचारलं तर दाखवते. अजून कुणी विचारलं नाही.” गोष्ट सांगताना ती वाक्य अर्धं सोडायची आणि मुलं ते आपल्या बोलीत पुरं करायची. कुणी ‘आवस’ म्हणालं तर ती ‘आई म्हण’ असं सुधारत नव्हती. पुढच्या वाक्यात स्वतः ‘आई’ म्हणायची, आणि दोन्ही शब्द तिथेच राहायचे.

मी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? तिने प्रशिक्षणाचं सांगितलं, पण मग म्हणाली, “ताई, कपाटच नाहीये ना माझ्याकडे. कुलूप कशाला लावणार?”

या बिया-बाठींचं मला घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. आमच्या डी. एड. झालेल्या नणंदेने फोनवर सांगितलं, हे काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्याला परवडायची नाहीत, तर पानं, बिया, शंख-शिंपले घ्या. आणि जी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, त्यांच्या वस्तीच्या अंगणात बालवाडी न्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली तेव्हा तोच शब्द सगळ्या देशाने उचलला. नणंद हे परीक्षेला पाठ केल्यासारखं सांगत होती आणि मी पऱ्याकडे बघत होते. तेव्हा पलीकडच्या वस्तीतली मुलं इकडे येत नव्हती म्हणून अंगणात शाळा गेली. आता पलीकडे चांगली शाळा आहे आणि इकडची मुलं जात नाहीत.

जेवणाचं सांगायचं राहिलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळतं. दिवसाला ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं पोटात जावीत असा हिशेब, आणि त्यासाठी २०२५मध्ये एका मुलामागे दिवसाला ८ रुपये मिळत. हा दर २०१७चा. ८ रुपयांत आमच्या तिठ्यावर अर्धा वडापाव येत नाही. तरी तिन्ही ठिकाणी मुलांच्या ताटात अन्न होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते सांगितलंच पाहिजे. खिचडी, उसळ, लापशी. पऱ्यापलीकडे मुगाच्या उसळीत परसातला शेवग्याचा पाला पडायचा, शाळेजवळ जेवण थोडं पातळ व्हायचं कारण तोंडं अठरा.

वजनाची गंमत निराळीच. आमच्या वाडीत टांगायचा जुना काटा आहे, झोळीत पोर घालायचं आणि सुई बघायची. तिथे बाय १२ किलो ३०० भरली. चार दिवसांनी पलीकडे इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभी केली तर ११ किलो ७००. मी घाबरले. चार दिवसांत सहाशे ग्रॅम? सेविकेने तक्त्यावर दोन्ही आकडे दाखवले. दोन्हीकडे ती हिरव्याच पट्ट्यात होती. दंडाची पट्टी लावली तर १५ सेंटिमीटरच्या वर. साडेबाराच्या खाली गेली की काळजी, साडेअकराच्या खाली फार मोठी काळजी. मग मला धीर आला. पण वाडीतल्या बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “कुणाच्या काट्यावर?”

तेव्हा कळलं की बातमी पोचलेली आहे.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या. पडवीत बसल्या, सासूबाईंनी चहा केला. बाईंनी बायला मांडीवर घेतलं, तिचं नाक पुसलं, आणि माझ्याकडे न बघता बोलल्या. माझ्याकडे सहा आहेत. पुढच्या वर्षी त्यातली दोन पहिलीला जातील. तुझी आली तर पाच होतील, नाय आली तर चार. चार पोरांवर अंगणवाडी किती दिवस ठेवतील? माझं काय, माझी दोन-तीन वर्षं राहिलीत. पण एकदा गेली की या वाडीला परत येणार नाही. गरोदर बाईने मग आहार आणायला शाळेपर्यंत चालत जायचं काय?

मला याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी अंगणवाडी निवडत होते, पण ती निवड माझ्या एकटीची नव्हती. शहरात चाळीस शाळांमधून एक निवडली तर बाकीच्या एकोणचाळिसांना फरक पडत नाही. इथे एका पोराने पटाचा पाचवा हिस्सा जातो.

आणखी एक गाठ होती. अंगणवाडीचं काम हे नुसतं मुलं बसवायचं नाही. वाडीचा सर्व्हे, लसीकरणाचा दिवस, जंताची गोळी, अ जीवनसत्त्वाचा डोस, गरोदर बायकांची नोंद, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा घरी न्यायचा आहार, हे सगळं त्या-त्या वाडीच्या सेविकेकडे असतं. बायचं नाव आमच्या वाडीतच नोंदलेलं होतं, माझा आधार, माझा मोबाईल, सगळं. ती रोज जाणार दुसरीकडे, जेवणार दुसरीकडे, तर नाव कुठं? चुलतसासऱ्यांनी कोकणी तोडगा काढला: “नाव इथं ठेव, पोर तिथं धाड. कुणाचं काय जातंय?” बाईंनाही तो चालला असता. सहाची सात झाली असती.

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण रोज हजेरी लागणार, रोज तिच्या नावावर ताट मांडलं जाणार, ते ताट कागदावर इथं आणि पोटात तिथं. पलीकडची सेविका नऊ मुलांच्या शिध्यात दहा जेवू घालणार. तिला विचारलं तर ती म्हणाली, “घालीन की. एका पोराचं काय.” नंतर थोडं थांबून म्हणाली, “पण ताई, पट माझा पण मोजतात.”

निर्णय पावसाने पुढे ढकलला. जुलैत पऱ्या असा भरून वाहतो की साकवावरून मोठी माणसंही दोरी धरून जातात. लावणीच्या दिवसांत पोरीला सोडायला-आणायला घरात माणूसही मोकळं नव्हतं. म्हणून जून ते सप्टेंबर बाय वाडीतल्याच अंगणवाडीत गेली, आणि तिथे ती आनंदात होती, हेही सांगायला हवं. बाईंच्या मांडीवर बसून खिचडी खायची. मी एकदा कपाटाच्या किल्लीबद्दल धीर करून बोलले. म्हटलं, तुटलं तर मी भरून देईन, लिहून देते. बाई हसल्या. दोन दिवसांनी ठोकळे बाहेर आले. आठवड्याने परत आत गेले, कारण पर्यवेक्षिकेची भेट होती.

त्याच पावसात मी बाईंचं दुसरं काम जवळून बघितलं. घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा मोबाईलवर पडताळायचं त्या जुलैपासून सक्तीचं झालं. बाईंच्या इमारतीत रेंज नाही. मग सड्यावर जायचं. तान्ह्या मुलाची आई छत्री धरून उभी, बाई फोन उंच धरून उभ्या, पावसाचे थेंब पडद्यावर, आणि ॲप म्हणतंय डोळे मिचकावा. “मिचकव गो, मिचकव,” बाई ओरडत होत्या. तिसऱ्या खेपेला जमलं. खाली येऊन त्यांनी पदराने फोन पुसला आणि म्हणाल्या, “पोरांना गाणं कधी शिकवू?” डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सेविकांचा जो पन्नासेक दिवसांचा संप झाला, त्यात याही रत्नागिरीला मोर्चात गेल्या होत्या, हे मला तेव्हा समजलं. तेव्हा पूर्ण अंगणवाडीच्या सेविकेचं मानधन १०,००० होतं, पुढच्या ऑक्टोबरात ते १३,००० झालं. मदतनिसांना ७,५००.

गणपती झाले, भात कापणीला आलं, पऱ्या घोट्याएवढा झाला. दसऱ्यानंतर मी बायला पलीकडे नेऊ लागले. घरात भांडण झालं नाही. सासूबाई पहिले आठ दिवस बाय घरी आली की तिला आधी न्हाणीत न्यायच्या आणि हातपाय धुवायच्या. वाडीतल्या अंगणवाडीतून आल्यावरही त्या धुवायच्याच, हे खरं. पण एवढं घासून नाही. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. आठ दिवसांनी बायने स्वतःच न्हाणीत जायचं सोडून दिलं आणि ओट्यावर बसून आजीपुढे करवंटीत चिंचोके ओतले. “आज्जे, कुणाच्या जास्त?” सासूबाईंनी मोजायला घेतले. “मोजायचं नाय,” बाय म्हणाली, “जोडी लाव.” आजी-नात तासभर जोड्या लावत होत्या. त्यानंतर घासणं कमी झालं की माझं लक्ष कमी झालं, ते सांगता येत नाही.

वाडीतून आणखी कुणी पलीकडे मूल पाठवलं नाही. माझ्या वहीतले आकडे फार हलले नाहीत. शेजारणीने तिच्या मुलाला शाळेजवळ घातलं, टीव्ही आहे म्हणून. रोज पंचवीस मिनिटं चालत नेते.

नावाचं दोन महिने तसंच लोंबकळत होतं. बायची हजेरी पलीकडे वहीत आणि नाव इकडे ॲपमध्ये. शेवटी नोव्हेंबरात वाडीतल्या बाईंनीच मला हाक मारली. अंगणवाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, चष्मा नाकावर. फोन माझ्या हातात दिला नाही, स्वतःच बोटाने एकेक अक्षर बघत नाव पलीकडे वर्ग केलं. मी काही तरी बोलायला लागले तर म्हणाल्या, “गप ऱ्हा. पोर जिथं जेवतंय तिथं तिचं नाव.” मग फोन पदरात गुंडाळला.

मी उठले तेव्हा मागून म्हणाल्या, “वजनाला मात्र इथंच आण. तिचा तो बॅटरीवाला काटा काय खरा नाय.”

तेव्हापासून महिन्यातून एकदा बाय दोन ठिकाणी तोलली जाते. मागच्या खेपेला झोळीत १३ किलो ४००, पलीकडे १२ किलो ८००. दोघींनीही आपापल्या तक्त्यावर ठिपका दिला. वाडीतल्या बाईंनी तो साध्या कागदावर दिला, कारण ॲपमध्ये त्यांच्याकडे आता तिचं नाव नाही. कागद कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.